अध्यक्ष गेल्यावर

अमेरिकेत अध्यक्षांना गुण देण्याचा एक जुना उद्योग आहे. १९४८ साली आर्थर श्लेसिंगर (थोरले) ह्या इतिहासकारांनी आपल्या समव्यवसायी विद्वानांना विचारून अध्यक्षांची प्रतवारी केली आणि ती 'लाइफ' साप्ताहिकात प्रसिद्ध केली. १९६२ साली त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. अलीकडे सी-स्पॅन ह्या दूरचित्रवाहिनीने २०००, २००९, २०१७ आणि २०२१ असा चार वेळा इतिहासकारांचा कौल घेतला. दहा कसोट्या ठरवल्या, प्रत्येक कसोटीला गुण दिले, बेरीज केली. चारही वेळा लिंकन पहिले आले. हा उद्योग मला स्वतःला फार प्रिय होता. बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले, आणि परीक्षकाच्या हाताला लागलेली सवय सेवानिवृत्तीनंतरही सुटत नाही. क्लिंटनपासूनच्या अध्यक्षांना त्यांच्या गृहकारभाराबद्दल मी दिलेले गुण माझ्या एका वहीत आहेत. त्या वहीत आता इतकी खाडाखोड झाली आहे, की तिचे कारण स्वतःलाच नीट समजावून सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझी चूक अशी होत होती, की मी सहीच्या दिवशी गुण देत असे. तो दिवस असतोही मोठा देखणा. अध्यक्ष मेजाशी बसतात, पाठीमागे ज्यांच्यासाठी कायदा केला ती मुले, म्हातारी माणसे, कामगार उभे असतात. एकाच सहीसाठी अनेक पेने वापरून ती पाहुण्यांना वाटली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे 'ऐतिहासिक' हा शब्द छापतात. मीही वही उघडून गुण लिहीत असे. सही म्हणजे वचन असते, पूर्ती नव्हे, हे मी वर्गात सांगत आलो होतो. पण ते मला खऱ्या अर्थाने कळले ते माझ्या धाकट्या मुलीच्या संसारामुळे.

ती २००९ साली लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. इथे रसायनशास्त्रात एम्. एस्सी. झालेली, प्रयोगशाळेत तीन वर्षे काम केलेली मुलगी. जावई एच-१बी व्हिसावर होते. त्यामुळे हिला एच-४, म्हणजे राहण्याची परवानगी, कमावण्याची नव्हे. सहा वर्षे ती घरी बसली. २०१५ साली ओबामांच्या कारकीर्दीत एक नियम झाला, की ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे, त्यांना काम करता येईल. त्या वर्षी तिला नोकरी लागली. पहिल्या पगाराचा आकडा तिने फोनवर सांगितला, तेव्हा हिच्या आईने देवापाशी साखर ठेवली. मी वहीत ओबामांच्या नावापुढे दोन गुण वाढवले, हेही कबूल करतो.

पण हा नियम काँग्रेसने केलेला कायदा नव्हता. (तिथली काँग्रेस म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही दोन सभागृहे, आपल्याकडील पक्षाशी तिचा घोळ होऊ नये.) तो शासनाच्या एका खात्याने काढलेला नियम होता. २०१७ साली सरकार बदलले आणि नव्या सरकारने तो रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. आज होणार, पुढच्या सहामाहीत होणार, असे म्हणता म्हणता तीन वर्षांहून अधिक काळ गेला. नियम रद्द झाला नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो प्रस्तावच मागे घेतला गेला. परंतु त्या काळात मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, आमचं घर घ्यायचं ठरत नाही. माझा पगार धरायचा की नाही, हेच कळत नाही." धोरण कागदावर जसेच्या तसे होते, त्याचा आधार मात्र उरला नव्हता. लेखणीने दिलेले लेखणीने काढून घेता येते, आणि काढून घेण्याची नुसती धमकीही पुरते.

त्यानंतर मी वही पुन्हा उघडली आणि प्रत्येक अध्यक्षाला एकच प्रश्न विचारायचे ठरवले: तुम्ही गेल्यावर मागे काय राहिले?

हा प्रश्न न्याय्य व्हावा म्हणून एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे आपला पंतप्रधान नव्हे. आपल्याकडे लोकसभेचा पाठिंबा असतो म्हणूनच माणूस पंतप्रधान असतो. तिथे अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहे दुसऱ्या पक्षाची, हे नेहमीचे आहे. धोरण अमलात आणायला त्याच्यापुढे तीन दारे असतात. पहिले दार साध्या कायद्याचे. सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक अडवण्याची रीत असल्यामुळे ह्या दारातून जायला शंभरांपैकी साठ मते लागतात. म्हणजे बहुधा विरोधकांची मदत लागते. दुसरे दार अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकाचे. तिथे साधे बहुमत चालते, पण तूट फार लांबवर वाढत असेल तर अशा तरतुदींना मुदत घालावी लागते. तिसरे दार आदेशाचे आणि नियमाचे. तिथे सभागृहाकडे मत मागावे लागत नाही. मात्र पुढचा माणूस त्याच दाराने येऊन सर्व उलटे करू शकतो. कोणते धोरण कोणत्या दाराने आले हे समजले, म्हणजे त्याच्या आयुष्याचा अर्धा अंदाज येतो. उरलेला अर्धा अंदाज कशावरून यावा, हे समजायला मला बराच वेळ लागला.

टिकाऊपणाचे जुने दाखले दोन. रूझवेल्टचा सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५चा. म्हातारपणी मिळणारे ते निवृत्तिवेतन आज कोणत्याही पक्षाला हात लावण्याची भीती वाटावी इतके रुजले आहे. दुसरा दाखला १९६५चा, पासष्ट वर्षांवरील माणसांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा. जॉन्सन ह्यांनी त्यावर सही केली ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे. मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स ह्या गावी जाऊन, वृद्ध ट्रुमन ह्यांच्या शेजारी बसून. ट्रुमन ह्यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली होती आणि ते पार हरले होते. मेडिकेअरचे पहिले कार्ड जॉन्सननी त्यांना दिले. गुणपत्रिकेत ट्रुमन ह्यांच्यापुढे 'नापास' लिहून मोकळे झालेल्या परीक्षकाने काय करावे? पराभवही मागे काही ठेवून जातो, हे त्या कार्डाने सिद्ध केले.

क्लिंटन ह्यांचा पराभव ह्याच जातीचा होता. १९९३-९४ मध्ये सर्वांना आरोग्यविमा देण्याची त्यांची योजना सभागृहात मतदानाला जाण्याइतकीही तगली नाही. पण १९९७ साली बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी आरोग्यविम्याचा कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला, आणि तो आजही चालू आहे. १९९३चा आजारपण-बाळंतपणाच्या रजेचा कायदाही तसाच. रजा बिनपगारी, बारा आठवड्यांची, आणि लहान आस्थापनांना लागू नाही. तरी नोकरी जाणार नाही एवढी हमी तो देतो आणि ती टिकली आहे. उलट ज्या यशाचा त्यांना सर्वांत अभिमान होता ते टिकले नाही. १९९३ साली करवाढीचा अर्थसंकल्प सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने कसाबसा पार पडला. पुढे तेजी आली, आणि १९९८ ते २००१ अशी चार वर्षे सरकारच्या तिजोरीत शिल्लक राहिली. २००० साली ती सुमारे २३६ अब्ज डॉलर होती. मी तेव्हा क्लिंटनना भरपूर गुण दिले होते. पण शिल्लक ही पुढच्या माणसाच्या हाती दिलेली थैली असते. त्याने ती करकपातीत आणि युद्धात रिकामी केली. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यात लष्करी धर्तीच्या बंदुकांवर बंदी होती, तिलाही दहा वर्षांची मुदत होती. २००४ साली ती संपली आणि कोणी वाढवली नाही.

येथपर्यंत माझी कसोटी ठीक चालली. परंतु क्लिंटन ह्यांच्याच कारकीर्दीने तिच्यातले वैगुण्य दाखवले. १९९६ साली, आधीची दोन विधेयके नाकारल्यावर, त्यांनी तिसऱ्यावर सही केली आणि १९३५ पासून गरीब मातांना मुलांसाठी मिळणाऱ्या रोख मदतीचा हक्क संपवला. त्याऐवजी राज्यांना वर्षाला सुमारे साडेसोळा अब्ज डॉलरची ठोक रक्कम, आणि कुटुंबाला केंद्राच्या पैशातून आयुष्यात पाच वर्षांची मर्यादा. कायद्याच्या बाजूने बोलायचे तर पुढच्या काही वर्षांत एकट्या माता मोठ्या संख्येने कामावर जाऊ लागल्या. तेजीही होती आणि कमावत्या गरिबांना मिळणारी करातली भरही त्यांनीच वाढवलेली होती. पण तेजी सरली आणि ती ठोक रक्कम महागाई कितीही वाढली तरी तेवढीच राहिली. मुले असलेल्या शंभर गरीब कुटुंबांमागे १९९६ साली ६८ कुटुंबांना ही रोख मदत पोचत होती. २०२० साली २१ कुटुंबांना. हा कायदा टिकला, उत्तम टिकला. १९९४ च्या कायद्यातील लांब शिक्षांचेही तसेच. त्या कायद्याने परिस्थिती बिघडवली, हे २०१५ साली क्लिंटन ह्यांनी स्वतःच मान्य केले. तेव्हा टिकणे हे सामर्थ्याचे लक्षण आहे, चांगुलपणाचे नव्हे. वहीत मला दुसरा रकाना आखावा लागला: राहिले काय, आणि राहायला हवे होते काय.

धाकट्या बुश ह्यांचे मूल्यमापन करताना आमच्या वर्गातील माणसे कत्रिना वादळापाशीच थांबतात. ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले, हजाराहून अधिक माणसे गेली, आणि जगातील सर्वांत श्रीमंत देशाचे सरकार स्वतःच्याच शहराला पाणी आणि बस वेळेवर पोचवू शकले नाही. हे अपयश मोठेच आहे आणि त्याला कोणताही रकाना लागत नाही. पण बुश ह्यांच्या दोन कायद्यांची तुलना अधिक बोधप्रद आहे. पहिला शाळांचा, जानेवारी २००२चा. डेमोक्रॅट पक्षाचे टेड केनेडी त्यांच्या बरोबर होते. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत देशातील प्रत्येक मूल पात्रतेच्या रेषेवर आणण्याचे उद्दिष्ट. प्रत्येक मूल! शिक्षकाला हे वाक्य वाचताच हसू येते आणि मग वाईट वाटते. गोऱ्या आणि काळ्या मुलांचे निकाल वेगळे छापण्याची सक्ती त्या कायद्याने केली, हे त्याचे खरे श्रेय. सरासरीच्या आड लपलेली मुले दिसू लागली. पण उद्दिष्ट अशक्य असल्यामुळे शाळा परीक्षेपुरते शिकवू लागल्या. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून नवा कायदा करून तो बाजूला सारला. परीक्षा राहिल्या, शिक्षेचा मोठा भाग गेला.

दुसरा कायदा २००३चा. मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च नव्हता. तो बुश ह्यांनी घातला. प्रतिनिधिगृहात मते जुळेनात म्हणून मतदान रात्री जवळजवळ तीन तास उघडे ठेवले गेले. कायद्यात खोटी पुष्कळ होत्या: खर्चाच्या मधल्या टप्प्यावर वृद्धाला मदत मिळत नसे, आणि औषधकंपन्यांशी किमतीची घासाघीस करायला सरकारला चक्क मनाई होती. मी तेव्हा ह्या कायद्याला फार थोडे गुण दिले. आज तो आकडा खोडला आहे. कारण काय झाले ते पाहा. ओबामांच्या कायद्याने ती मधली पोकळी हळूहळू भरली. बायडन ह्यांच्या २०२२ च्या कायद्याने घासाघिशीची मनाई उठवली. मेडिकेअरमधील इन्शुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर बांधला. प्रत्येकाने आधीच्याच्या घरावर एक मजला चढवला. पाडले कोणी नाही. ज्या वृद्धांना ही औषधे मिळू लागली ते मतदानाला नेमाने जातात, हे त्याचे एक कारण. अपुरे पण रुजलेले धोरण पुढच्यांना दुरुस्त करता येते, हे दुसरे. परिपूर्णतेच्या हट्टापायी मी ही गोष्ट पाहिली नव्हती.

ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा २३ मार्च २०१० रोजी झाला. विरोधी पक्षाचे एकही मत मिळाले नाही, ह्यावरून तो फार जगणार नाही असे भाकीत मी वर्गात केले होते. ते चुकले. प्रतिनिधिगृहाने तो मोडण्यासाठी वा तोडण्यासाठी पन्नासाहून अधिक वेळा मतदान केले. सर्वोच्च न्यायालयात तो २०१२ साली पाच विरुद्ध चार मतांनी वाचला, २०१५ साली आणि २०२१ साली पुन्हा वाचला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ उघडले आणि पहिल्याच दिवशी कोलमडले. 'तुमचा आहे तो विमा तुम्हाला ठेवता येईल' हे वचन पुष्कळांच्या बाबतीत खोटे पडले. हे दोष लहान नव्हेत. तरी २०१० साली चार कोटी ८० लाखांच्या आसपास माणसे विम्याविना होती, ती २०१६ पर्यंत दोन कोटी ८० लाखांच्या आसपास आली. जुलै २०१७ मध्ये कायदा मोडण्याचे विधेयक सिनेटमध्ये पडले; रिपब्लिकन पक्षाचेच जॉन मॅकेन ह्यांनी अंगठा खाली करून मत दिले ते दृश्य सर्वांनी पाहिले. पण मॅकेनच्या आधी गावोगावच्या सभांतून आजारी माणसे आणि त्यांचे आईबाप उभे राहून आपल्या प्रतिनिधींना जाब विचारीत होते. कायद्याला तोवर धनी मिळाले होते.

ओबामांच्या दुसऱ्या बाजूला मात्र धनी नसलेली धोरणे आहेत. २००८ च्या अरिष्टात बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतचा कायदा बुश ह्यांच्या अखेरच्या महिन्यांत झाला. ओबामा आल्यावर घरे जाणाऱ्या कर्जदारांसाठी जी योजना निघाली, तिचे उद्दिष्ट तीस ते चाळीस लाख कुटुंबांचे होते आणि ती त्याच्या फार अलीकडेच थांबली. बँका वाचल्या; गल्लीतली घरे लिलावात गेली. त्या रागाने पुढच्या निवडणुकांत काय केले, ह्याची चर्चा अजून चालू आहे. लहानपणी आईबापांबरोबर विनापरवाना आलेल्या तरुणांना २०१२ साली दिलेले संरक्षणही तिसऱ्याच दाराने आले. २०१७ साली ते रद्द करण्याची घोषणा झाली, २०२० साली न्यायालयाने ती अडवली, आणि ती मुले आता चाळिशीकडे झुकली तरी दोन-दोन वर्षांच्या परवान्यावर जगत आहेत. माझ्या मुलीची तीन वर्षे मला लांब वाटली होती.

ट्रम्प ह्यांच्या पहिल्या कारकीर्दीबद्दल लिहिताना माणसाचे आवडणे-नावडणे बाजूला ठेवणे कठीण जाते. पण परीक्षकाने ते केलेच पाहिजे. डिसेंबर २०१८ चा तुरुंगसुधारणेचा कायदा सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मतांनी झाला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी दिलेल्या अवाजवी लांब शिक्षा कमी करण्याची वाट त्याने जुन्या कैद्यांनाही मोकळी केली. १९९४ च्या चुकीची ही थोडी भरपाई होती, आणि ती पहिल्या दाराने आली. २०२० साली लस तयार करण्यासाठी सरकारने आगाऊ पैसा ओतला आणि वर्ष संपण्यापूर्वी लस निघाली, हे यश निखळ आहे. त्याच वर्षी साथीबद्दल सरकार एका तोंडाने बोलले नाही आणि त्यांची मुदत संपेपर्यंत चार लाख माणसे गेली, हे अपयशही तितकेच खरे. २०१८ साली सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याचे धोरण जूनमध्ये मागे घ्यावे लागले. ते टिकले नाही, आणि टिकायला नकोच होते. पण काही मुलांच्या आईबापांचा पत्ता लावायला वर्षे लागली. म्हणजे न टिकलेले धोरणही आपली खूण ठेवून जाते.

आता मुदतीच्या दाराची गोष्ट. बुश ह्यांची २००१ ची करकपात २०१० अखेर संपायची होती. ती आधी दोन वर्षे वाढली, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिचा बहुतेक भाग कायमचा झाला. तोही ओबामांच्या सहीने. ट्रम्प ह्यांच्या डिसेंबर २०१७ च्या कायद्याने कंपन्यांवरील कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर कायमचा आणला. व्यक्तींच्या सवलतींना २०२५ अखेरची मुदत होती. ४ जुलै २०२५ रोजी, त्यांच्याच दुसऱ्या कारकीर्दीत, त्या मुख्यत्वे कायम झाल्या.

ह्या दोन करकपातींच्या शेजारी बायडन ह्यांची मुलांची सवलत ठेवून पाहा. मार्च २०२१ च्या कायद्याने मुलांवरील करसवलत २,००० डॉलरवरून सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० आणि मोठ्यासाठी ३,००० केली. महत्त्वाचे म्हणजे ज्या आईबापांना उत्पन्नच नाही त्यांनाही ती पूर्ण मिळाली. जुलै ते डिसेंबर दरमहा पैसे घरी आले. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या व्यापक मापाप्रमाणे गरिबीत वाढणाऱ्या मुलांचे प्रमाण २०२० साली ९.७ टक्के होते, ते २०२१ साली ५.२ टक्के झाले. इतके खाली ते त्या मापावर कधी आले नव्हते. सवलतीला एका वर्षाची मुदत होती. ती वाढली नाही. २०२२ साली प्रमाण १२.४ टक्के झाले. साथीच्या काळातील इतर मदतही त्याच सुमारास आटली, हे धरूनही हा उतार आणि हा चढ पाहून मी पुष्कळ वेळ वही मिटून बसलो होतो. गरिबी कमी कशी करावी हे कळत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. इथे कळले होते, करून पाहिले होते, आकड्यांत दिसले होते.

मुदत तिन्हींना होती. दोन वाढल्या, एक वाढली नाही. ह्याचे कारण शोधताना दुष्ट माणसांची यादी करण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. बायडन ह्यांच्याच पक्षातील वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर मॅनचिन ह्यांचे मत अत्यावश्यक होते आणि ते त्यांनी दिले नाही. खर्च मोठा होता, आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली तेव्हा त्यांची शंका अनेकांना रास्त वाटली; २०२१ च्या अवाढव्य खर्चाचा त्या महागाईत थोडाफार वाटा होता, असे त्या पक्षातील अर्थतज्ज्ञही म्हणतात. परंतु एवढ्याने समाधान होत नाही, कारण करकपातीही तूट वाढवूनच झाल्या. फरक होता तो दारात उभे राहणाऱ्या माणसांचा. करसवलतीच्या लाभार्थीपाशी वकील, हिशेबनीस आणि आपल्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. वृद्धाच्या औषधापाशी वृद्धाचे मत असते. आजाऱ्याच्या विम्यापाशी सहा-सात वर्षांत जमलेली सवय होती. मुलांना मत नसते, गरिबांच्या मुलांच्या आईबापांना सभेला जायला सुट्टी नसते, आणि सहा महिने हा सवय लागण्याइतका काळ नव्हे. लोकांना एकदा मिळाले की ते सोडणार नाहीत, अशी अटकळ बांधून मुदतीचे दार निवडले गेले. अटकळ चुकली आणि तिची किंमत ज्यांनी ती बांधली त्यांना द्यावी लागली नाही.

बायडन ह्यांच्या पदरात हेच एक माप घालणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२१ चा रस्ते-पूल-नळांचा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला. तो पहिल्या दाराने आला आणि त्याची कामे सुरू झाली. ऑगस्ट २०२२ च्या कायद्यातील स्वच्छ ऊर्जेच्या सवलती दुसऱ्या दाराने आल्या, आणि त्यांतील बऱ्याच जुलै २०२५ च्या कायद्याने छाटल्या. विद्यार्थ्यांची कर्जे माफ करण्याची मोठी घोषणा तिसऱ्या दाराने आली आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर पडली. ट्रम्प ह्यांच्या दुसऱ्या कारकीर्दीला मी गुण देणार नाही. तिथे तिसऱ्या दाराची वर्दळ विलक्षण वाढलेली दिसते, एवढेच नोंदवतो. त्या आदेशांतील किती पुढचा माणूस आल्यावर राहतील, हे पाहिल्यावाचून लिहिणे म्हणजे पुन्हा सहीच्या दिवशी गुण देणे.

माझ्या ह्या कसोटीवर एक आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच घेतो. टिकण्यावर भर दिला की राज्यकर्ता फक्त प्रबळांना सोयीचे तेच करील; दुबळ्यांसाठी काही करण्याची हिंमत कोण धरील? आक्षेप खरा आहे. त्याला माझे उत्तर अपुरे आहे, पण असे आहे: दुबळ्यांसाठी काही करायचे तर ते एकट्या दुबळ्यांसाठी करू नये. रूझवेल्टने निवृत्तिवेतन गरिबांना दिले नाही, कामगाराच्या पगारातून कापून त्याच्या हक्काचे केले. म्हणून ते गरिबालाही मिळत राहिले. १९९६ साली ज्या मदतीचा हक्क गेला तीही त्याच १९३५ च्या कायद्यातून जन्मली होती. एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांपैकी एक सर्वांचा होता, तो वाचला. दुसरा फक्त गरिबांचा होता.

मुलीला २०२२ साली ग्रीन कार्ड मिळाले. त्यांनी घर घेतले. गेल्या खेपेला मी तिथे असताना तिने माझी वही चाळली आणि विचारले, "बाबा, मग शेवटी कोणाला किती दिलेत?" मी तिला दोन रकाने दाखवले. औषधांच्या कायद्यापुढे 'राहिले – होय, राहायला हवे – होय' असे आहे. १९९६ च्या कायद्यापुढे 'होय' आणि 'नाही'. मुलांच्या सवलतीपुढे 'नाही' आणि 'होय'. ह्या शेवटच्या ओळीचे गुण कसे करायचे, ते मला अजून जमलेले नाही. ती जागा मी कोरी ठेवली आहे.